मधल्या सुट्टीतली तेलीण

सोमवार, ११ जुलै १९५५

आम्ही ज्यू, शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून शाळेत नव्हते. आज हजेरीला पोंक्षे गुरुजी म्हणाले, "झिल्पा नाथन? आल्या का आमच्या शनवार तेलीणबाई!" सगळी सातवी खो खो हसली.

बाबा सांगतात, आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. बाबा पोस्टात आहेत. मी तर घाणा पाहिलेलासुद्धा नाही!

गुरुवार, १४ जुलै

चंद्रावतीनं माझी वेणी बाकाला बांधली. "तेल काढ गो तेलिणी!"

ती मिठागराकडची. चांगली धिप्पाड. सकाळी गुरुजींनी तिला विचारलं, भूगोल केलास का? "नाय केला." झालं! "नाय नाय! ऐका रे, मिठागरातलं खारट मराठी!" तेव्हा सगळे तिला हसले. मीपण.

पहिल्या तासाला तिला मिळालं, मधल्या सुट्टीत मला पोचलं. बाबांच्या पोस्टापेक्षा जलद!

सोमवार, १८ जुलै

आज दप्तर चिखलात. घरी सांगितलं.

आई म्हणते, तू उलट बोलतेस म्हणून छळतात. मावशी म्हणते, तू गप्प बसतेस म्हणून. बाबा हेडमास्तरांना भेटले, तर ते म्हणाले, "मुलीला शनिवारी पाठवत जा, प्रश्नच मिटला." थोडक्यात, सगळ्या खोडी माझ्यातच! चंद्रावतीला बिचारीला नाइलाजानं छळावं लागतं.

बुधवार, २० जुलै

बाबा परत भेटले वाटतं. हेडमास्तर वर्गात आले. बंधुभावावर लांबलचक बोलले. मग गुरुजींना म्हणाले, "करा शिक्षा." गुरुजींनी चंद्रावतीला पुढे बोलावलं. बंधुभावाची छडी!

"तेलीण म्हणतेस? कुठून शिकलीस असली घाणेरडी भाषा?"

"तुमीच तं बोलता, गुर्जी."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले — बाहेर काहीच नव्हतं. गुरुजींचा चेहरा लालबुंद. सपासप चार!

मी उभी राहिले. कशी, कोण जाणे! "खरं बोलतेय ती," म्हटलं.

मलाही दोन. उद्धटपणाबद्दल.

मग पाण्याच्या पिंपापाशी आम्ही दोघी तळहात भिजवत उभ्या.

"लय दुकतंय काय गो?"

"नाही."

"झूट!"

हसायलाच आलं दोघींना. गुरुजी तिकडून आले तर आम्ही आणखी हसलो.

गुरुवार, २१ जुलै

चंद्रावती आली नाही. हात सुजला असेल.

सोमवार, २५ जुलै

तिची चुलतबहीण वेणू सांगत होती. गुरुजींना उलट बोलली हे घरी कळलं. बापानं शाळेतून नावच काढलं. लग्न ठरवलंय, तुळशीच्या लग्नानंतर. नवरा बिजवर, पोरं आहेत त्याला. चंद्रावती चौदाची!

घरी सांगितलं. आई भाकरी वाढत म्हणाली, "चला, सुटलीस बाई एकदाची!"

मी भाकरी तशीच ठेवून पानावरून उठले.