लाल पट्टीची स्लिंग

१२ मे २००१

गाडी सुटली एकदाची. योगेश दारात उभा राहून हात हलवत होता, वैष्णवी माझ्या कडेवर. सहा वर्षांची झाली, जड झालीय.

आमचा करार तिच्या जन्मानंतरचा. दोघांनी एका वेळी डोंगरावर जायचं नाही. आणि जो घरी राहतो त्यानं सॅक भरायची – जाणाऱ्याचं लक्ष थाऱ्यावर नसतं म्हणून. गेल्या वर्षी मी गेले, त्यानं भरली. यंदा उलट. अमेरिकेतली कामं आटलीत, त्याची अर्धी कंपनी कामाविना बेंचवर बसून आहे, त्यामुळे रजा मागताच मिळाली!

दोराच्या दुसऱ्या टोकाला रणजित, वाघोलीचा. पंचविशीतला, मला ताई म्हणतो. त्याची आई, सोजरबाई, स्टेशनवर आली होती. माझा हात धरून म्हणाली, "तुमी सामान भरलंय म्हणल्यावर मला घोर न्हाई."

१६ मे

फोन आला. उत्तरेत, बर्फाच्या डोंगराखालच्या शेवटच्या गावातल्या बूथवरून. "काळजी करू नकोस." हे वाक्य मीही दरवेळी म्हणते, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे.

आता पुढे फोन नाही. बातमी येईल ती आमच्या गिर्यारोहण क्लबच्या बद्रीनाथकाकांकडे. त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे – चांगली बातमी फोनवर, वाईट बातमी स्वतः घरी येऊन.

१९ मे

खालचे सीताराम आगाशे जिन्यात भेटले. "काय हो, आपली वेताळ टेकडी कमी पडली का? तिथे तर तिकीटही नाही." मी हसले. घरी येऊन भांडी आपटली.

स्वतः गेले की भीती वाटत नाही, तिथे हाताला काम असतं. इथे काय, फोनकडे बघत बसायचं.

२१ मे

देवा.

वैष्णवी बाहुलीशी खेळत होती. बाहुलीच्या मोडक्या पायाला लाल चिकटपट्टी. "कुठून आणलीस गं?" "तुझ्या डोंगराच्या पेटीतून. निळ्या पट्ट्याला होती ना, ती."

सात वर्षांपूर्वी नाणेघाटाजवळच्या सुळक्यावरून मी पडले होते. तीस फूट. एका निळ्या स्लिंगनं झेललं – स्लिंग म्हणजे काय, नायलॉनच्या पट्ट्याचा एक फास. एवढा हिसका खाल्लेली स्लिंग त्याच दिवशी कापायची असते. वरून धड दिसते, आतून संपलेली असते. हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवते!

मी कापली नाही. जिनं जीव वाचवला तिला कात्री लावायला हात धजेना. लाल पट्टी चिकटवली आणि इतर स्लिंगांबरोबर त्याच पेटीत ठेवून दिली. मूर्ख!

पेटी तीनदा उपसली. ती नाही. पाच निळ्या स्लिंग मी माझ्या हातांनी सॅकमध्ये भरल्यात. त्यातली एक ती आहे.

वैष्णवीला रागावले नाही. तिचं काय चुकलं?

२२ मे

सकाळपासून बूथचा नंबर फिरवत होते. दुपारी लागला. ओरडून ओरडून माझ्या हिंदीत सांगितलं – योगेशला चिठ्ठी पाठवा, एक निळी स्लिंग जुनी आहे, सगळ्या निळ्या कापून टाक. बूथवाला म्हणाला, "खच्चरवाला परसों ऊपर जाएगा, मैडम." परवा! घसा बसलाय.

२३ मे

काल चिठ्ठीत फक्त योगेशचं नाव सांगितलं. रणजितचं सुचलंसुद्धा नाही.

२६ मे

वाघोलीच्या बूथवरून सोजरबाई. "ताई, काय कळलं का? आमचा रणजित बरा हाय न्हवं?"

"बरा आहे. सगळं ठीक आहे." पटकन बोलून गेले.

"तुमाला त्यातलं समजतं. तुमी म्हणताय म्हणजे बरंच आसंल."

सांगायला हवं होतं. काय सांगणार पण? तिथे बसून तीही माझ्यासारखीच झुरली असती, एवढंच. हे खरं कारण नाही. मला लाज वाटली.

२९ मे

चिठ्ठी पोचली का? खेचरवाला गेला का? बूथचा फोन मेलाय.

सकाळी बेल वाजली. दारापर्यंत भिंत धरून गेले. दूधवाला. दुपारी बेल – कुरिअर. संध्याकाळी आगाशे, पेपर परत द्यायला. शेवटी स्टुलावर चढून बेलची वायर काढून टाकली.

मला भीती वाटते. इतक्या वर्षांत कुणाजवळ म्हटलं नाही, इथे लिहिते. मला फार भीती वाटते.

१ जून

फोन नाही. दारही वाजलं नाही. वैष्णवी विचारते, "बाबा चढला का गं वर?" हो म्हटलं. आता सगळ्यांनाच हो म्हणते.

२ जून

सकाळी कडी वाजली. बद्रीनाथकाका. दार उघडून मी तिथेच खाली बसले.

"अगं ऊठ, योगेश सुखरूप आहे. रणजित गेला. उतरताना स्लिंग तुटली म्हणे... चल, वाघोलीला जायचंय. तू बरोबर असलीस तर बरं."

पहिलं वाक्य ऐकून आनंद झाला. दुसरं ऐकल्यावरही तो लगेच गेला नाही. हे मला आयुष्यभर लक्षात राहील.

सोजरबाईनं बाकी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. माझ्याच गळ्यात पडली. "तुमी सामान भरलं हुतं, मंग आसं कसं वो झालं, ताई?"

मी सांगितलं नाही.