बिनमोटरची फेरी

रविवार, १४ जुलै

उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी. विषय तोच, मंगळवारपासूनची चार दिवसांची सायकल-फेरी. आमच्या मंडळीतर्फे आठ जण जाणार. त्यातल्या सात जणांच्या सायकली बॅटरीच्या. सात! देवानं दोन पाय दिले ते काय पायमोजे वाळत घालायला? मी हे मोठ्यानं म्हटलं. पाळकसाहेब हातातल्या बिस्किटाकडे बघत राहिले.

माझा नवरा बेरेंड दर वर्षी या फेरीला जायचा. त्याला देवाघरी जाऊन तीन वर्षं झाली. यंदा त्याच्या जागी मी. चारही दिवस, मोटरीशिवाय, कुणाची मदत न घेता. सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

सांगायलाच हवं होतं. तीन वर्षं लोक माझ्या दारात मटारच्या सुपाची पातेली घेऊन उभे राहतात. "एकटी आहेस, म्हटलं जरा..." सगळ्यांत पुढे रूली, बेरेंडच्या थोरल्या भावाची बायको. तिच्या सुपात सॉसेज नखाएवढं आणि दया ही एवढी. वीट आलाय. चार दिवस पुरे केले की पातेली बंद. एकट्या बाईला कुणाची गरज नसते हे एकदा दिसू दे सगळ्यांना.

आज रविवार, देवाचा वार, म्हणून सराव नाही. नाहीतर केलाच असता.

सोमवार, १५ जुलै

तयारी पूर्ण. सायकल सासूबाईंची, काळी, लोखंडी. गिअर नाहीत, म्हणजे बिघडायलाही काही नाही. पेडल उलटं मारलं की थांबते. हवा बेतानंच भरली. जास्त हवेनं ट्यूब ताणते आणि लवकर जाते. इतकी साधी गोष्ट या गावात कुणाला कळत नाही.

डबा : पाव आणि चीज, एका पावात एकच काप. थर्मासमध्ये घरची कॉफी. वाटेत काही विकत घ्यायचं नाही.

सराव म्हणून बेकरीपर्यंत जाऊन आले. दम मुळीच लागला नाही. येताना थोडी चालत आले, पण ते शेजारच्या बागेतल्या फुललेल्या हायड्रेंजिया नीट बघायच्या होत्या म्हणून. तीनदा थांबले. बघण्यासारख्या आहेत.

रूलीचा फोन. "हार्मके, अजून वेळ आहे गं. माझी जुनी बॅटरीची सायकल नुसती पडून आहे, ने की." मी म्हटलं, "पडून आहे तर पडू दे." माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे ही, एक गुडघा नवा बसवलेला. स्वतःचं बघावं की नाही?

संकल्प : उद्या कुणाचीही निंदा करायची नाही.

मंगळवार, १६ जुलै, सकाळी, आसन गावच्या मैदानावर

शी! हजारो माणसं आणि सगळ्यांना घाम. अजून निघालो नाही, तरी घाम. अंगाला चिकटलेल्या चड्ड्या घातलेले आजोबा. कुठे बघावं तेच कळत नाही. एक जण भर मैदानात मांड्यांना डब्यातलं मलम चोळत होता आणि "प्रवास सुखाचा होवो" म्हणून तोच हात त्यानं माझ्यापुढे केला. मी प्रार्थनेला बसल्यासारखी हात जोडून उभी राहिले. शौचालयांबद्दल लिहीत नाही. ही वही मी जेवणाच्या टेबलावर ठेवते.

आमचा म्होरक्या हिल्बर्ट, रिटायर पोस्टमन. त्यानं माझं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं. "हार्मके, हवा मारून देऊ का?" मी म्हटलं, "टायर आहे, फुगा नाही." त्यानं पंप परत पिशवीत टाकला. पटलं असावं.

जोडीजोडीनं जायचं आहे. माझी जोडी रूलीशी. कुणी लावली विचारलं, तर सगळे एकदम आकाशाकडे बघायला लागले. पावसाची चिन्हं नव्हती.

बोर्गर, कॉफीचा थांबा

इथवर मी सगळ्यांच्या पुढे! पेडल मारायचीही फारशी गरज पडली नाही. रूली म्हणे वारा पाठीमागून होता. लोकांना दुसऱ्याची ताकद बघवत नाही.

बाकीच्यांनी कागदी पेल्यांतली कॉफी विकत घेतली. रंगावरून भांडी धुतलेलं पाणी वाटलं. मी थर्मास काढला. रूलीनं सफरचंदाचा केक आणला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. मला नको होता. पण वर फेटलेली साय घातलेली, उन्हात नासली असती. अन्न टाकणं पाप आहे, म्हणून खाल्ला.

बेरेंडला घरच्या भिंतीवरल्या फोटोतून हे दिसत असेल का? दिसत असेल.

ग्रोलो, डबा खायचा थांबा

लिहायलाच हवं. मन शांत होत नाही.

बोर्गर सोडलं आणि रस्ता वळला. वारा थेट तोंडावर. मी मुद्दाम वेग कमी केला, कारण रूली मागे पडेल अशी काळजी वाटली. तर काय, ही बया शेजारी आली आणि तिनं सरळ माझ्या पाठीवर हात ठेवला! दोन खांद्यांच्या मधोमध, पंजा पसरून. आणि ठेवला तो ठेवलाच, ग्रोलो येईपर्यंत. बुडाखाली मोटर आहे, तरी आधाराला माझी पाठ लागते. हात गरम, घामट, ब्लाउजमधून आत जाणवत होता. अंगावर शहारा आला. तरी मी काही बोलले नाही. ख्रिस्ती माणसानं दुसऱ्याचा भार वाहायचा असतो.

आणि चमत्कार असा, की तिचं एवढं ओझं अंगावर असूनही माझा वेग वाढला. मधे काही वेळ तर मी पाय नुसते ठेवले होते. प्रार्थनेचं फळ, दुसरं काय.

आता रूली समोरच्या बाकावर दंड चोळत बसली आहे. दुखतो म्हणे. इतकं टेकल्यावर दुखणारच. मला राहवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काही लोकांना मोटर देऊनही दुसऱ्याला धरल्याशिवाय चालवता येत नाही."

आमच्यातल्या आल्त्येला ठसका लागला. हिल्बर्ट तिच्या पाठीत थापटत बसला, गरजेपेक्षा जास्त वेळ. रूलीनं दंड चोळणं थांबवलं. मग म्हणाली, "खरं आहे गं तुझं. मला सवयच लागलीय." आणि हात मांडीवर ठेवून बसली.

माणसानं स्पष्ट बोलावं. समोरचा सुधारतो.

दुपारी, माळरानावर

थांबले आहे. निसर्ग बघायला.

ग्रोलोपासून रूलीनं हात लावला नाही. छान मोकळं वाटलं. फक्त नेमका त्याच वेळी वारा वाढला. रस्ताही वाईट, चढाचा. हिल्बर्ट म्हणतो इथे चढ नाहीच, टेबलासारखं सपाट आहे. त्याला टपालाच्या पिशव्यांखाली काही दिसलं नसेल. सायकलची साखळीसुद्धा आज काहीतरी वेगळंच बोलते आहे. तोंडात दोन चिलटं गेली. एक गिळलं. शी शी शी.

बाकीचे सहा जण पुढे ठिपक्याएवढे झाले. रूली मात्र वळून परत आली. मी दगडावर बसले होते. म्हणाली, "हार्मके, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"मला थोडं टेकायला देशील का पुढे? मला नाही जमत गं एकटीला."

बघा. शेवटी आलीच वळणावर. मी म्हटलं, "टेक बाई. पण घाम पुसून घे आधी."

तिनं हात रुमालाला पुसला. आता निघतो आहोत.

त्यानंतर, मोटारीत

दमलेल्यांना उचलायला मागून एक मोटार येते, तिच्यात बसून लिहिते आहे. मी दमलेली नाही. तसं ड्रायव्हरला आधीच सांगितलं.

झालं असं. बरंच अंतर छान गेलं. मग रूलीची सायकल कण्हल्यासारखी झाली आणि बॅटरी मेली. तिचा हात सुटला. मी पुढे गेले, आठ-दहा पेडलं. मग माझी सायकल सावकाश आडवी झाली. मी तिच्यावर.

मोटारीच्या टपावर एकाच सायकलीची जागा उरलेली. मी म्हटलं, तू जा, तुझा गुडघा. रूली म्हणाली, "गप बस आत. तुझ्या सासूची सायकल आहे, तिला माळावर सोडलीस तर म्हातारी वरून शिव्या देईल. माझीही सासू आहे ती, मला माहितीय." दार तिनंच लावलं.

ड्रायव्हर लामर्ट, जनावरांचा डॉक्टर. मोटारीला मेंढ्यांचा वास. मी म्हटलं, बॅटरीवर विसंबलं की असंच होतं, इतक्यात संपली. तो म्हणाला, "संपणारच की! बोर्गरपासून ढकलत आणलंय त्यांनी तुम्हाला. मी मागनंच होतो, सगळं बघत होतो. वाऱ्याविरुद्ध एका हातानं दुसरं माणूस ढकलायचं म्हणजे खायचं काम नाही."

मी म्हटलं, ती माझ्यावर टेकली होती.

तो इतका हसला की गिअर बदलायला विसरला.

आत्ताच रूलीला मागे टाकलं. ती मेलेली जड सायकल उभ्यानं हाणत होती. तोंड बिटासारखं लाल, केस कपाळाला चिकटलेले. खिडकीतून मला हात हलवला, तोच, दुखरा. मी वहीत डोकं घातलं.

संध्याकाळी, घरी

रूली पोचली. सगळ्यांत शेवटी, पण पोचली, आणि शेवटचा टप्पा बिनमोटरचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दोन.

आंघोळ केली. पाठ नीट घासली. म्हणजे आज अर्धा दिवस मी मोटरीवर फिरले. दुसऱ्याच्या. आणि सगळ्यांसमोर तिलाच बोलले, आणि ती ऐकून घेत बसली. दिवसभर किळस आली त्या चड्ड्यांची, मलमाची, चिलटांची. आत्ता आली तशी कशाचीच नव्हती आली.

प्रार्थनेला बसले. काय मागावं ते सुचेना. तेवढ्यात फोन.

रूली. आवाज बसलेला. "हार्मके, उद्या येणार ना तू? नाहीतर मी कुणावर टेकू?"

खूप काही म्हणायचं होतं. एकट्या बाईबद्दल, सुपाबद्दल, ग्रोलोबद्दल.  

मग म्हटलं, "बॅटरी रात्रभर चार्जिंगला लाव."