माती बंद

मुक्काम परतूर,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६७

प्रिय झुंबर,

पत्राच्या माथ्यावर लेकीला ‘चिरंजीव सौभाग्यवती’ लिहावं, असं पंतोजींनी शिकवलं होतं. शाळा चौथीतच सुटली, पण मायने अजून पाठ आहेत. आज दोनदा ‘सौ’ काढला आणि दोनदा खोडला. ते सौभाग्य मीच पाहून, पारखून, वाजतगाजत तुझ्या पदरात बांधलं होतं. म्हणून नुसतं ‘प्रिय’ लिहिलं आहे. हा शब्द आजवर मी कोणालाच लिहिला नाही, तेव्हा अवघडल्यासारखा दिसला तर सांभाळून घे.

तुझी आई बरी आहे. म्हैस व्याली, पारडी झाली, तिचं कौतुक घरात माझ्यापेक्षा जास्त चालतं. तालमीत हौदाची माती बदलली. चाळून, भिजवून, तेल-हळद-ताक घालून झालं आणि लिंबं पिळायची वेळ आली तेव्हा तुझी आठवण झाली. लहानपणी तू तालमीच्या दाराबाहेर पाटी घेऊन लिंबं पिळत बसायचीस आणि आंबट बोटं चाटायचीस. आत बायकामाणसानं पाऊल टाकायचं नाही हा तालमीचा नेम, आणि तो मी सात वर्षांच्या पोरीलाही लावला होता. यंदा लिंबं मीच पिळली. थंडी पडायला लागली आहे. मनगट दुखतं का गं? शिवणाच्या मशीनचं चाक कोणत्या हातानं फिरवतेस? जालन्याहून तुझ्या मावशीची पत्रं येतात, त्यात सगळं असतं, एवढंच नसतं. आणि मी दोन वर्षांत एका अक्षरानं विचारलं नाही.

तुला आठवत असेल, परतूर, वाटूर आणि आष्टी या तीन गावच्या जत्रांचे पंच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या तालमीत बसतात. वर्षभराच्या कुस्त्यांच्या जोड्या तिथेच ठरतात आणि कसूरही तिथेच निघतात. आखाड्यात खोटा डाव केला तर पंच तिथल्या तिथे निकाल देतात, पण पहिलवान आखाड्याबाहेर कसा वागतो त्याचाही हिशेब आम्ही ठेवायचो. तीन गावं त्याला दूध-तूप-बदामाचा खुराक देतात, तर त्यानं गावाचं नाव राखावं, असा आमचा बाणा. शिक्षा एकच, माती बंद. कुस्तीआधी समोरचा हातावर चिमूटभर माती देतो आणि मग हात मिळतो. ज्याची माती बंद त्याला तीनही गावांत कोणी माती द्यायची नाही. पहिलवानाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कडूबाची माती आम्ही अशीच बंद केली होती. बाजाराच्या दिवशी तो शिंदीच्या दुकानात बसलेला कोणीतरी पाहिला, एवढंच. एका वर्षात भागवू असं काकासाहेब म्हणत होते. काकासाहेब म्हणजे वाटूरचे, पंचांत सर्वात वडील. मीच अडून बसलो आणि तीन वर्षं करून घेतली. कडूबा तेव्हा बावीस वर्षांचा होता. तीन वर्षांनी अंगात काय उरणार? हल्ली तो स्टेशनावर कापसाची गाडी हाकतो. लोक मला म्हणायचे, “वस्ताद लई कडक हाये,” आणि मी मिशीला पीळ द्यायचो. तो मिशीचा पीळ आठवला की आता अंगावर काटा येतो.

मग धर्मराज आला. वाटूरचा, घरी चांगली जमीन, अंगात बळ असं की समोरच्याला उचलून धरून माझ्याकडे बघायचा, कुठे टाकू म्हणून. मी त्याला तीन वर्षं घासला आणि चौथ्या वर्षी तुला दिला. तुझी आई म्हणाली होती, एकदा त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलते, भावजयीशी बोलते, घरातलं वागणं कळतं. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, मी त्याला उघडा पाहिलाय, अजून काय पाहायचं? सबंध मुलखात असा मूर्खपणा वस्तादच करू शकतो. मी मांड्या पाहिल्या, खांदे पाहिले, दम पाहिला. रोज पहाटे तो माझ्या पाया पडायचा, तेवढं मला पुरलं.

आता त्या संक्रांतीचं लिहितो. तू उजवा हात पदरात गुंडाळून आली होतीस. सोबत आलेल्या दिरानं आडावर पाय घसरला म्हणून सांगितलं आणि पाणीही न पिता तो परत गेला. मी तुला मागच्या ओट्यावर बसवलं, जिथे पंचक्रोशीतली माणसं हाडं बसवून घ्यायला येतात. पडून निखळलेल्या मनगटाला तळवा खरचटलेला असतो, कारण माणूस पडताना हात टेकतो. तुझ्या तळव्यावर एक ओरखडा नव्हता. मनगट पिळलेलं होतं, आणि आतल्या बाजूला, शिरेवर, अंगठ्याचा काळानिळा वण होता. अंगठा आतून घे, बाहेरून घेतलास तर हात सुटतो, असं मी तालमीत शंभरदा ओरडलो असेन. धर्मराजनं अंगठा बराबर आतून घेतला होता. माझा डाव मी माझ्याच लेकीच्या हातावर वाचला, झुंबर.

तू तेव्हा ओरडली नाहीस. मी हाड बसवलं, पट्टी बांधली, आणि तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालीस, “आबा, माझा पाय घसरला न्हाई.” मी म्हणालो, तेल गरम करून लावत जा. एवढंच म्हणालो.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. धर्मराजच्या शेजारच्या चतुराबाईनं वाटुरात तोंड उघडलं, बोभाटा झाला, आणि पंचांना बसावं लागलं. तू आणि तुझी आई बाहेर कडुनिंबाखाली बसला होतात. दार उघडंच होतं, तेव्हा तुला सगळं ऐकू आलं असणार. काकासाहेबांनी मला विचारलं, “वस्ताद, हाड तुमी बसवलं. तुमीच सांगा, पोरगी पडली का पिळली?” चैत्रात वाटूरच्या जत्रेला जालन्याच्या मल्लाशी अव्वल कुस्ती ठरलेली होती. दहा वर्षं जालना आपल्याला चीत करत होतं आणि आपल्याकडे धर्मराजशिवाय कोणी नव्हतं. शिवाय वस्तादाच्या लेकीला जावई मारतो हे तीन गावांत व्हायला नको होतं. मी म्हणालो, पडली.

मग पंचांना फार त्रास पडला नाही. घरातला आवाज रस्त्यावर आला म्हणून धर्मराजला मारुतीपुढे एक नारळ आणि आष्टीची एक जत्रा बंद. कडूबाला शिंदीसाठी तीन वर्षं, आणि याला एक जत्रा. तीही माघातली, आष्टीची, जिथे तो उतरणारच नव्हता, कारण त्याचा गुडघा सुजला होता. हे पंचांना ठाऊक होतं आणि मलाही. चार दिवसांनी तू एका हातानं पेटी उचलून जालन्याच्या गाडीत बसलीस. मला नमस्कार केलास. चैत्रात धर्मराजनं जालना चीत केलं, चांदीचं कडं जिंकलं, आणि हलगीच्या तालावर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. तेव्हा तुझी पट्टी सुटून महिनाही झाला नव्हता. तू नांदली नाहीस म्हणून लोकांनी तुलाच नावं ठेवली, तीही मी कान पाडून ऐकली. मला लाज वाटते झुंबर. हे लिहिताना तुझी आई समोर बसली आहे आणि मला मान वर करून तिच्याकडे बघवत नाही.

गेल्या सोमवारी आष्टीचा पुंजाराम घरी आला. साधा माणूस, चार एकराचा कुणबी. त्याच्या विमलचं लग्न मार्गशीर्षात धर्मराजशी ठरलंय. पोर सोळा वर्षांची. गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले तर खाईना, म्हणाला, “वस्ताद, तुमचा चेला, तुमचा जावई. तुमच्यापेक्षा बराबर कोन सांगनार? तुमची पोरगी नांदली न्हाई, आसतो एकेकीचा सोभाव. माझी लई गरीब हाये, मान खाली घालून राहील.” मी सरळ सांगितलं, देऊ नको. का, तेही सांगितलं, अंगठ्यासकट. तो म्हणाला, “तवा पंचापुढं पडली म्हनले. मंग आता का सांगून राह्यले? तवा खोटं बोलले का आता?” मी म्हणालो, तवा. तर म्हणे, सुपारी फुटली, भावकीत शब्द गेला. पंच सांगतील तर मोडतो, एकट्या तुमच्या बोलण्यावर नाही. त्याचा तरी काय दोष? माझ्या जिभेची किंमत मीच घालवली होती.

दुसऱ्या दिवशी चालत वाटूरला गेलो. काकासाहेबांना म्हटलं, तुमचा हात द्या. त्यांच्या मनगटावर अंगठा आतून ठेवून जरासा पीळ दिला, त्यांनी दात खाल्ले. म्हटलं, हे असं होतं. मनगट चोळत ते म्हणाले, “एका तोंडाच्या दोन जबान्या पंच ऐकत न्हाईत, वस्ताद. जिच्यावर बेतलं तिनं यिऊन सांगावं.” आणि वर म्हणाले, “पर बाई तालमीत येत न्हाई, हा नेम तुमचाच.” येताना स्टेशनावर कडूबाच्या गाडीपाशी थांबलो. त्याची माफी मागावी म्हणून गेलो होतो. त्याआधी तोच म्हणाला, “वस्ताद, मी शिंदी पेलो, पन कोनाचं हाड मोडलं न्हाई.” रागानं बोलला नाही. बैलाला पाणी दाखवत बोलला.

त्या दिवसापासून माझी माती मीच बंद केली आहे. हौदात उतरत नाही, कोणाच्या हाताला माती देत नाही. पोरं विचारतात, मी सांगतो, कसूर झालाय. कोणता, ते पंचांपुढे सांगेन. पण माझी माती बंद झाल्यानं पुंजारामच्या पोरीचं लग्न मोडत नाही.

म्हणून हे पत्र. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पंच खास यासाठी बसणार आहेत. तू येशील का? ज्या लेकीची खरी गोष्ट मी दाबली तिच्याचकडे आता दुसऱ्याच्या लेकीसाठी मागायला आलो आहे, याची मला जाणीव आहे. नाही आलीस तर तुला कोणी बोल लावणार नाही, मी तर नाहीच. तरीही मी उभा राहीन आणि जे ऐकतील त्यांना सांगेन. पण आलीस तर कडूबा स्टेशनावर गाडी घेऊन उभा असेल, तुला बोलावणार हे ऐकून, मी न सांगता त्यानंच कबूल केलं आहे. तालमीचा नेम मी लावला होता, तो मी काढला. दारात चपला काढ आणि आत ये, मारुतीच्या समोर बस. कोणी अडवलं तर मी बाहेर तुझ्याशेजारी कडुनिंबाखाली येऊन बसेन, पंचांना तिथे यावं लागेल. आधी मी बोलेन, मी खोटं बोललो एवढंच. मग तू ओट्यावर जे म्हणाली होतीस तेवढंच म्हण. या खेपेला मी तेल गरम करायला सांगणार नाही.

म्हणायचा हक्क उरला असेल तर,
तुझाच,
आबा