नववे प्रकरण अविनाशने वाचावे म्हणून

मी, उल्हास वामन देवस्थळी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त इतिहास-प्राध्यापक, राहणार सदनिका क्रमांक ३०४, सहवास सहकारी गृहनिर्माण संस्था, मयूर विहार फेज एक, दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे तळमजल्यावरच्या डॉक्टर विजयालक्ष्मींनी आज सकाळी तपासून सांगितले. हृदयाबद्दल त्या तितक्या खात्रीने बोलल्या नाहीत. जून महिना आहे, वीज गेली आहे, कागदावर घामाचे डाग पडले तर ती खाडाखोड समजू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी म्हणत असेल तर ते रद्द आहे.

कलम १. ही सदनिका माझ्या एकट्याच्या नावावर आहे. माझी पत्नी शालिनी चार वर्षांपूर्वी वारली. सदनिका माझा मुलगा साकेत याला मिळावी. तो संगणक कंपनीत आहे आणि त्याला गुडगावला जायचे आहे. "बाबा, इथे ना लिफ्ट, ना पार्किंग. तिकडे सब कुछ है यार," असे तो दर रविवारी सांगतो. त्याने घर खुशाल विकावे. मात्र जाहिरातीत "फक्त महाराष्ट्रीय कुटुंबास" असे घालू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. त्याला कंटाळा येईल, पण दुसरे कोणी नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते नात मैत्रेयी हिच्या शिक्षणासाठी ठेवावे. शालिनीचे दागिनेही तिचेच. काल मी हा मसुदा करत असताना ती शेजारी येऊन बसली. मृत्युपत्र म्हणजे काय, तर माणूस जाण्याआधी लिहून ठेवतो ते पत्र, असे मी सांगितले. ती म्हणाली, "अच्छा. मग लेटर किसको लिखा है, आजोबा?" नऊ वर्षांच्या मुलीला वकिलापेक्षा जास्त कळते. पत्र अविनाशला लिहिलेले आहे. बाकीची कलमे कायद्याला लागतात म्हणून आहेत.

कलम ३. माझी आयर्लंडविषयीची सर्व पुस्तके, कात्रणे आणि लंडन ऐकायचा ट्रान्झिस्टर माझे सहकारी हरीश माथुर यांना द्यावा. याच माथुरांनी १९७४ साली भर स्टाफरूममध्ये विचारले होते, "देवस्थली जी, आयरलैंड में आपका कौन रहता है?" सगळे हसले होते. मला तेव्हा उत्तर सुचले नाही, आणि चोवीस वर्षे ते माझ्या मनात खुपत राहिले. आता सांगतो. कोणीही राहत नाही. मला तिथली एक गोष्ट आवडली होती, एवढेच. १७९१ साली बेलफास्टमधल्या काही प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांनी एक संघटना काढली आणि म्हटले की कॅथलिक, प्रोटेस्टंट ही नावे बाजूला ठेवू आणि सगळे मिळून आयरिश होऊ. पुढे त्यातले कित्येक त्यासाठी फासावर गेले. प्रजासत्ताकाचा विचार तिथे मुळात प्रोटेस्टंटांनीच उचलून धरला होता. मग त्यांच्याच पणतवंडांनी १९१२ साली प्रतिज्ञापत्रावर लाखोंनी सह्या करून ब्रिटनला का कवटाळले? आणि ते कधी परत येतील का? या प्रश्नाने माझी एकतीस वर्षे खाल्ली. माथुरांनी पुस्तके रद्दीत दिली तरी माझी हरकत नाही, फक्त कात्रणे एकदा चाळावीत.

कलम ४. त्या प्रश्नावर मी मराठीत एक ग्रंथ लिहिला आहे. सहाशे बारा पृष्ठे, हस्तलिखित, एकच प्रत. पुण्याच्या एका प्रकाशकाने तो "मराठी वाचकाला या विषयात रस असण्याचा संभव नाही" असे लिहून परत पाठवला. त्यांचे म्हणणे बरोबर असावे, तरी त्यांना मी क्षमा केलेली नाही. आठ प्रकरणांचे उत्तर ठाम आहे. उत्तरेतले, म्हणजे फाळणीनंतर ब्रिटनकडे राहिलेल्या भागातले, प्रोटेस्टंट प्रजासत्ताक स्वीकारतील, कारण आयरिश ध्वजातला नारिंगी पट्टा त्यांच्याचसाठी आहे, कारण १९१६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्वांना समान वागवण्याचे वचन आहे, कारण त्यांचे हित त्यातच आहे. त्यांना फक्त नीट समजावून सांगायला हवे. नववे प्रकरण "उपसंहार" एवढ्या शीर्षकावर अडून राहिले. ते का अडले हे मला अनेक वर्षे कळले नाही, आणि कळले तेव्हा समोर अविनाश उभा होता.

कलम ५. अविनाश कोण, हे साकेतला ठाऊक आहे, पण कायद्यासाठी लिहितो. अविनाश शलमोन उजगरे, मूळ राहणार अहमदनगर, निवृत्त इंजिनियर, धर्माने प्रोटेस्टंट ख्रिस्ती, भाषेने माझ्याइतकाच मराठी. १९६१ साली करोलबागेत एका खोलीत आम्ही दोघे राहायचो. तो पिठले करायचा आणि मी भांडी घासायचो. या संस्थेच्या पहिल्या अर्जावर माझ्या सहीखाली त्याची सही आहे. चिठ्ठ्या टाकून घरे वाटली तेव्हा त्याला ३०३ मिळाले आणि मला ३०४. त्या दिवशी आम्ही जिन्यात नाचलो होतो.

पहिला गणेशोत्सव १९८८ साली झाला. मी अध्यक्ष होतो. सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला की पहिल्या दिवशीच्या आरतीचा मान दरवर्षी अविनाश उजगरे यांना द्यावा, म्हणजे ही संस्था सर्वांची आहे हे दिसेल. टाळ्या पडल्या. मी बेलफास्टवर दोन वाक्येही बोललो. अविनाश मागच्या रांगेत होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि तो हसला. आठ वर्षे त्याने ताम्हन धरले आणि आठ वर्षे मी ते पाहून कृतकृत्य झालो. त्याची बायको हेमलता फक्त पहिल्या वर्षी खाली आली, नंतर कधीच नाही. तिचे गुडघे दुखतात अशी मीच माझी समजूत करून घेतली होती.

कलम ६. आता जे लिहितो ते कोणी मला विचारलेले नाही, पण ते लिहिल्यावाचून या कागदाला अर्थ नाही. डिसेंबर १९९० मध्ये अविनाशने नाताळच्या संध्याकाळी दोन तासांसाठी संस्थेचे सभागृह मागितले. त्याच्या ओळखीची पंधरा-वीस मराठी ख्रिस्ती कुटुंबे प्रार्थनेला येणार होती. समितीत चार मते बाजूने पडली आणि चार विरुद्ध. अध्यक्षाचे मत निर्णायक होते. मी म्हणालो, सभागृहात धार्मिक कार्यक्रमांचा पायंडा पडू नये. डॉक्टर विजयालक्ष्मींनी तिथेच विचारले, "और गणपति? दस दिन?" मी उत्तर दिले की गणेशोत्सव सांस्कृतिक आहे, सार्वजनिक आहे, त्याची गोष्ट वेगळी. हे मी मनापासून म्हणालो. मला त्यात काही वावगे दिसलेच नाही.

आणि त्याच हिवाळ्यात मी सहावे प्रकरण लिहीत होतो. आयर्लंडने १९३७ च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चला "विशेष स्थान" दिले आणि वर उत्तरेतल्या प्रोटेस्टंटांना सांगितले की हे घर तुमचेही आहे, यावर त्या प्रकरणात मी चाळीस पाने आसूड ओढला आहे. साकेतने ती चाळीस पाने वाचली तर त्याला बापाची लाज वाटेल. वाटू द्यावी.

नाताळ उजगऱ्यांनी घरातच केला. भिंतीपलीकडून त्यांची मराठी गाणी ऐकू येत होती. शालिनी म्हणाली, "किती दाटीवाटीने बसलेत बिचारे, आपली सतरंजी तरी नेऊन द्या." मी सतरंजी नेऊन दिली आणि स्वतःला उदार समजलो.

१९९६ च्या जुलैत हेमलता गेली. सप्टेंबरात गणपती आले तेव्हा चिटणीस म्हणाले, यंदा उजगऱ्यांना राहू द्या. मी म्हणालो, छे, उलट यंदाच त्याला एकटे वाटू देता कामा नये. मी ३०३ ची घंटी वाजवली. त्याने दार उघडले, पण तो दारातून हलला नाही.

"उल्हास, आठ वर्षं मी तुझ्यासाठी ताम्हन धरलं," तो म्हणाला. "हेमलता विचारायची, तुम्ही का जाता? मी म्हणायचो, उल्हासला वाईट वाटेल. तू एकदा तरी विचारलंस का, मला हे करायचंय का?"

शहाण्या माणसाने इथे गप्प बसावे. मी त्याला प्रजासत्ताकाचा आदर्श समजावून सांगू लागलो. धर्म ओलांडून एक नाव, एक घर, सगळे. दारात उभ्या असलेल्या, दोन महिन्यांपूर्वी बायको गेलेल्या माणसाला मी १७९१ सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुझ्या त्या बेलफास्टवाल्यांनाही कुणी विचारलं नसेल. नुसतं या, या म्हटलं असेल. घर तुमचं, पाट तुम्ही मांडलेला, आणि आम्ही बसलो नाही की आम्ही हट्टी." आणि त्याने दार लावले. जोरात आपटले असते तर मला बरे वाटले असते.

डिसेंबरात त्याने घर विकले आणि गाझियाबादला, वैशालीत नवीन बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. खाली उतरून जावे एवढे मला जमले नाही. वैशाली इथून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. दीड वर्षात तेही मला जमले नाही.

कलम ७. यंदा एप्रिलमध्ये आयर्लंडचा करार झाला आणि मेमध्ये त्यावर मतदान झाले. ट्रान्झिस्टर कानाला लावून मी सारे ऐकले. करारात लिहिले आहे की उत्तरेतल्या बहुसंख्यांची संमती असल्याशिवाय देश एक होणार नाही, आणि तिथल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणावे, ब्रिटिश म्हणावे किंवा दोन्ही म्हणावे, तो त्याचा हक्क. प्रोटेस्टंटांपैकी जेमतेम निम्म्यांनी होकार दिला म्हणतात. बाकीचे अजून घाबरलेले आहेत आणि मी आता त्यांना हट्टी म्हणत नाही. सबंध मे महिना बसून मी नववे प्रकरण लिहिले. अकरा पानांचेच झाले. आधीच्या आठ प्रकरणांत मी कुठे चुकलो, ते त्यात आहे. त्या लोकांना प्रजासत्ताक पटेल की नाही, हे मला माहीत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. बेलफास्टच्या जोडीला त्यात सभागृहही आले आहे, ताम्हन आले आहे आणि ३०३ चे दारही आले आहे. इतिहासाच्या ग्रंथात हे बसत नाही, मला कळते.

हे नववे प्रकरण अविनाश शलमोन उजगरे यांना द्यावे. त्यांनी ते वाचावे आणि मग पूर्ण ग्रंथ छापावा की जाळावा हे ठरवावे. साकेतने त्यांचा निर्णय पाळावा.

कलम ८. माझे दहन निगमबोध घाटावर करावे. संस्थेने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर सभागृहात घेऊ नये.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी. कलम ७ लिहून झाल्यावर ते वाचून पाहिले. कोणाला न विचारता मी पुन्हा एकदा त्याला मान देऊन मोकळा झालो होतो. म्हणून मी फोन केला. साकेत शेजारी होता. तो खुणेने "राहू दे ना, बाबा" म्हणत होता.

मी म्हणालो, "अविनाश, मी एक प्रकरण लिहिलंय. तुझ्यासाठी ठेवणार आहे. तुला हवंय का?"

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. त्यांच्याकडे वीज होती. मग तो म्हणाला, "नको."

सदतीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा काही विचारले आणि तो नाही म्हणाला. विचारायचे म्हणजे हेही ऐकून घ्यायचे, असे मी त्या अकरा पानांत मोठ्या ऐटीत लिहिले आहे. लिहिताना एवढे लागले नव्हते. मला रडू आले आणि ते त्याला ऐकू गेले असणार. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात का, असे त्यानेच विचारले. मी हो म्हणालो. "साक्षीदाराला आतलं वाचावं लागतं का?" लागत नाही, सही समोर झाली एवढेच पाहायचे असते, असे मी सांगितले. तो म्हणाला, "मग येतो संध्याकाळी. वाचणार मात्र नाही, उल्हास."

म्हणून कलम ७ मधला शेवटचा परिच्छेद मी मागे घेतो. तो खोडलेला नाही, कारण मी काय करायला निघालो होतो ते दिसावे. ग्रंथाचे आणि नवव्या प्रकरणाचे काय करावे हे मला सुचत नाही. साकेतला काही सुचले तर त्याने ते करावे. नाही सुचले तर मी त्याला दोष देणार नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या देखत त्याखाली सही केली.

(सही) उल्हास वामन देवस्थळी
मयूर विहार, दिल्ली. रविवार, दिनांक १४ जून १९९८

साक्षीदार १: (सही) डॉ. विजयालक्ष्मी, सदनिका ००२. प्रकृती तपासली. शुद्धीवर आहेत, समजून-उमजून सही केली.

साक्षीदार २: (सही) अविनाश शलमोन उजगरे, वैशाली, गाझियाबाद. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही. टेबलावर अकरा पाने ठेवलेली होती, ती उचललेली नाहीत. चहा घेतला.