शिडी शेजारी ठेवली आहे

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. मी तुमच्या डॉक्टरांकडे चालले आहे, चिडू नका.

काल हृदयाचा रिपोर्ट चांगला आला म्हणून सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलात. येणारच चांगला! छातीवर ते ठोके नोंदवणारं यंत्र लावून दिवसभर पलंगावर पाहुण्यासारखे पडून होतात, पाण्याचा पेलासुद्धा मी हातात आणून दिला. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, रोजची कामं रोजच्यासारखीच करा. तुम्ही पडलात रंगारी. रंगाचा डबा घेऊन शिडी चढताना छातीत कळ येते, हे मला खाली शिडी धरणाऱ्या लंबूकडून कळावं? तेच आज डॉक्टरांच्या कानावर घालते आणि तपासणी पुन्हा करायला सांगते.

तोवर कामावर जायचं नाही. कळ आली तर पित्ताची गोळी खाऊन गप्प बसू नका, शेजारच्या वहिनींना हाक मारा. ॲम्ब्युलन्स बोलवायचं त्यांना सांगून ठेवलंय.

शिडीही त्यांच्याकडेच आहे, मागायला जाऊ नका, त्या देणार नाहीत. यंत्र पुन्हा लावलं आणि डॉक्टर हो म्हणाले, तरच चढा. पण त्या दिवशी खाली शिडी लंबू नाही, मी धरणार.