कवायतीतला जखमी

अप्पा,

आज पुन्हा आगीची कवायत झाली. भोंगा तोच आहे, आधी म्हातारा खोकल्यासारखा घरघरतो आणि मग एकदम वर चढतो. नवे साहेब मुंबईहून आलेत. त्यांनी पंपाच्या शेडमध्ये ठेवलेलं वाळूचं पोतं बघितलं आणि म्हणाले, "हा काय जखमी आहे? माणूस आणा." कुणी पुढे येईना. तुमच्यानंतर या डेपोत जखमी व्हायला कुणी पुढे येत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण? शेवटी मीच जाऊन आडवा झालो. तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. उत्तर येणार नाही, हे ठाऊक आहे. होतात तेव्हा तरी तुम्ही मला कुठे धड उत्तर दिलंत?

कॉलेज सोडून मुंबईहून परत आलो तो दिवस घ्या. तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसून सुके बोंबील भाजताय. आई जाऊन बरीच वर्षं झालीत, घरात तुम्ही आणि मी, आणि सगळ्या भिंतींना बोंबलाचा वास. मी दारातूनच सांगतो की कॉलेज सोडलं. तुम्ही मान वर करत नाही, चिमट्याने बोंबील उलटा करता. "कारण?" मी चपला काढायला वाकतो. "कारण समोरच्या ओट्यावर बसून वेणी घालतंय, असंच ना?" मग ताटात बोंबील टाकून म्हणालात, "जेव. उद्यापासून डेपोत. फुकटचं प्रेम माझ्या घरात चालणार नाही." बस्स. मी रस्ताभर भांडणाची तयारी करून आलो होतो. कमीत कमी एक थोबाडीत तरी मारायची होतीत.

ओट्यावरची म्हणजे हेडक्लार्कची मुलगी. ते गुजराती, आपण चिंचणीचे मासेमारीवाले. काका अजून होडीवर जात होते, होडी सोडून पगाराला लागलेले आपल्यात तुम्ही पहिले. रॉकेलच्या डेपोचे फायर जमादार! खाकी कोट, गळ्यात शिटी. गेटवर प्रत्येकाच्या काड्यापेट्या काढून घेताना तुमच्या चेहऱ्यावर जो तोरा असायचा, तो काकांना मोठं पापलेट सापडलं तरी यायचा नाही. मला रोजंदारीवर डबे उचलायला लावलंत आणि महिन्याच्या कवायतीत कायमचा जखमी केलंत. रॉकेलच्या डेपोत काडी ओढता येत नाही, म्हणून आग म्हणजे शेडच्या दारात खोचलेलं लाल निशाण. शेडमध्ये मी डोक्याला पट्टी बांधून पडायचं. भोंगा झाला की चिंचणीचा फिटर आणि सायवनचा एक हमाल स्ट्रेचर घेऊन धावत येणार, मला उचलणार, विहिरीच्या वळणावरून गेटबाहेरच्या लिंबाखाली नेऊन ठेवणार. तुम्ही माझ्या डोक्याच्या बाजूने चालणार, एक हात माझ्या मानेखाली, दुसऱ्या हातात शिटी. आणि समोर क्वार्टर्सच्या ओट्यावर बायका-पोरं तमाशा बघायला उभी. त्यांत ती.

ज्या पोरीसाठी मी कॉलेज सोडलं, तिच्यासमोरून दर महिन्याला मला मढ्यासारखं नेत होतात तुम्ही. मी एक डोळा किलकिला करून बघायचो, तर लगेच वरून आवाज. "डोळे मीट. मेल्यासारखा पड, नवरदेवासारखा नको." फिटर हसून हसून स्ट्रेचर हलवायचा. एकदा शेडमध्ये मुंगळे होते, पाठीला कडकडून चावले आणि मी ओरडलो. तुम्ही शिटी मारून सगळी कवायत थांबवलीत. "जखमी बोलत नाही," तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. "काही झालं तरी जखमी बोलत नाही. तो बोलायला लागला तर उचलणाऱ्यांचं लक्ष जातं." नियमच केलात तो.

पुढच्या कवायतीला वळणावर तिचं हसू ऐकू आलं. खळखळून, स्पष्ट. माझं डोकंच फिरलं. पट्टी ओरबाडून काढली, चालत्या स्ट्रेचरवरून उडी मारली. हमाल पडता पडता वाचला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कॉलेज अर्धं टाकलंस, आता मरणंही अर्धंच टाकतोस?" सगळा डेपो हसला. मी म्हणालो, "तुम्हीच पडा मग! मी नाही पडणार." म्हणालो ते म्हणालो, अप्पा. आजही परत घेत नाही. माणसाला दर महिन्याला हसवायला ठेवलं, तर तो एक दिवस उठणारच.

त्यानंतर ती तलासरीच्या शाळेत शिकवायला लागली, आठवडाभर तिथे मावशीकडे राहायची. डेपोच्या तपासणीचा दिवस आला. चैत्रातलं कडक ऊन, मोठे साहेब कवायत बघायला येणार. मी सकाळीच घरातून निघालो. कुठे जातोस, तुम्ही विचारलं नाही. मी सांगितलं नाही. शाळेच्या मागच्या आंब्याखाली मी तिला एकच विचारलं, का हसलीस? ती म्हणाली, "तुझ्यावर नाही रे हसले. जमादारकाका तोंडाने शिव्या घालतात आणि हाताने तुझं डोकं असं धरतात, बाळाला न्हाऊ घालताना धरतात ना, तसं. मला ते बघून हसू आलं." मग तिनेच सांगितलं की नवसारीला तिचं ठरलंय. मी काहीबाही बोललो, तिच्या बापाला, तिच्या जातीला, तुम्हाला. ती म्हणाली, "बघ, त्यांच्यासारखाच तापतोस," आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेली. नवसारीला तिचं चांगलं चाललंय म्हणतात. चालू दे.

परत येताना विवळवेढ्याच्या देवळापाशी मी बसलो होतो त्या ट्रकचं इंजिन तापलं. ड्रायव्हरने ट्रक सावलीला घेतला, बॉनेट उघडलं, पाणी घातलं, बिडी पेटवून निवांत बसला. "घाई करून कसं चालेल? मशीन आहे." मी चिडून फेऱ्या मारत होतो. नंतर हिशेब जुळवला, तर त्याच सुमाराला तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये पडला होतात. खाकी कोटासकट, डोक्याला माझी पट्टी बांधून. जखमी मिळाला नाही म्हणून कवायत पुढे ढकला, एवढं सांगायला तुमची जीभ रेटली नाही. साहेब डहाणूला पोचले होते, पण कुणा शेठच्या चिकूच्या वाडीत जेवायला थांबले. हेडक्लार्क दर थोड्या वेळाने शेडच्या दारात येऊन सांगायचा, "आवे छे, आवे छे, आता येतीलच." आणि तुम्ही पडून. वर तापलेला पत्रा. एक ट्रक तापला तर त्याला सावली मिळते, अप्पा. तुम्ही कंपनीचे जमादार ना!

पुढचं मला फिटरने सांगितलं, बाराव्याला, आपल्याच ओट्यावर बसून. भोंगा झाला, ते धावले, तुम्हाला उचललं. एरवी तुम्ही बाजूने चालायचात, त्या दिवशी बाजूने कुणीच नव्हतं, जमादारच वर होते. साहेब गेटपाशी खुर्चीवर. तुमची मान एका बाजूला कलंडलेली, हात खाली लोंबतोय, तोंड काळवंडलेलं. हेडक्लार्क साहेबांना म्हणाला, "जुओ साहेब, एकदम असल लागे छे! अगदी खरा जखमी!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लिंबाखाली स्ट्रेचर ठेवलं, फिटर म्हणाला, "उठा काका, झालं." तुम्ही उठला नाहीत. तरी ते थोडा वेळ हसत उभे होते, काका आज रंगात आलेत म्हणून.

"एक सांगू?" फिटर म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "वळणावर काका काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, बोलू नका काका, साहेब बघतायत. आणि ते गप्प झाले."

मी त्याला मारायला उठलो. होडीवाल्या काकांनी मला धरलं. पण खरं सांगू, त्याचा काय दोष? त्याने तुमचाच नियम तुम्हाला ऐकवला. कंपनीने त्याहून मोठा नियम ऐकवला. डेपोत अपघात झालेला नाही, कारण आग खोटी होती. आग खोटी म्हणून मरणही कामावरचं धरता येत नाही. उत्तम कवायतीची ढाल मात्र खरी निघाली, ती ऑफिसात टांगली आहे. आणि मला तुमच्या जागी घेतलं. मी घेऊ दिलं. वाटलं, आत राहून एकदा ती ढाल साहेबाच्या टाळक्यात घालीन. अजून घातलेली नाही.

पहिल्याच महिन्यात मी दोन गोष्टी केल्या. जखमी म्हणून वाळूचं पोतं आणलं, आणि वर नियम केला की कधी माणूस ठेवायची वेळ आलीच, तर जखमी सतत बोलेल. बडबडेल, गाणं म्हणेल, आयमाय काढेल, पण गप्प बसणार नाही. तो गप्प झाला की कवायत तिथेच बंद. लोक हसले. हसू देत.

आज तो नियम पहिल्यांदा मलाच पाळावा लागला. शेडपासून मी बोलत सुटलो. पत्र्याला शिव्या घातल्या, चिकूच्या वाडीला घातल्या, ढालीला घातल्या. फिटर आता म्हातारा झालाय, डोक्याकडचे दांडे अजून तोच धरतो. पुटपुटत होता, "हळू जमादार, साहेबांना मराठी येतं." मी आवाज आणखी चढवला.

तर विचारायचं ते हे. वळणावर तुम्ही काय म्हणत होतात? आणि गप्प झालात ते फिटरचं ऐकून, की तोवर ऐकायला तुम्ही राहिलाच नव्हतात? पहिलं असेल, तर मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही. एका टाळीसाठी जीव गिळलात तुम्ही. दुसरं असेल, तर मला निदान झोप लागेल. फिटरला आज पुन्हा विचारलं. तो म्हणतो, आठवत नाही. खोटं बोलतोय. जपतोय मला, मेला.

हे कुठे टाकायचं नाहीच आहे. लिहून झालं की चुलीत. पण आज विहिरीच्या वळणावर मी गप्प झालो होतो, आणि माझ्याच नियमाने कवायत बंद पडली. साहेब वैतागले. का गप्प झालास, फिटरने विचारलं. मी म्हटलं, घसा सुकला.

तलासरीला ती तुमच्या हाताबद्दल म्हणाली ते मला आधीपासून ठाऊक होतं, अप्पा. दर महिन्याला त्या वळणावर मी मान गरजेपेक्षा जास्त सैल सोडायचो. तुम्हाला ती नीट धरावी लागावी म्हणून.