चौकातल्या मॅडम

३ जून, सोमवार
आज लातूरला रुजू झाले. मुखेडहून सकाळची एसटी पकडली, आईने धपाट्यांचा डबा दिला आणि अख्खा रस्ता मी हवेतच होते. अकॅडमी भर चौकात आहे. चार मजले, सगळीकडे काचा, एसी आणि समोर दोन मजले उंच फ्लेक्स. नांदेडच्या आनंदराज सरांनीही मुलाखतीला बोलावलं होतं. त्यांचा क्लास म्हणजे पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या, खडूने लिहिलेली पाटी, सरांच्या पायात स्लिपर. त्यांनी तासभर माझं शिकवणं ऐकलं, पेशीविभाजन दोनदा समजावून घेतलं आणि चहा सांगितला. मी चहा न पिताच निघाले. ज्यांना स्वतःचा साधा फ्लेक्स लावता येत नाही ते माझं काय भलं करणार? इथल्या महांतेश सरांनी शिकवायला लावलंच नाही. अर्जावरचा फोटो पाहिला, पुन्हा एकदा निरखून पाहिला आणि सोमवारपासून या म्हणाले. याला म्हणतात पारख.

८ जून, शनिवार
फ्लेक्सवर रेणुका आहे. माझ्याच वयाची, माझाच विषय, जीवशास्त्र. काय ते हसू, काय तो रुबाब. रिक्षावाले हा चौक तिच्या नावाने ओळखतात. प्रत्यक्षात बाईसाहेब कोपऱ्यातल्या टेबलाशी तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसतात, स्कूटीवरच्या मुली बांधतात तसा, नुसते डोळे उघडे. जेवतानाही भिंतीकडे तोंड. चेहरा इतका जपायचा की आम्हालाही दाखवायचा नाही? माझा जळफळाट होतोय, इथे लिहायला काय हरकत आहे. शिकवते तर मी तिच्याहून चांगली. सावळी असले तरी फोटोत छान येते.

१९ जून, बुधवार
सरांना स्पष्ट सांगितलं, पुढच्या फ्लेक्सवर मला घ्या. सर हसले. म्हणाले, मी वाटच बघून राहिलो होतो, सगळ्याच येतात विचारायला. रेणुकाच्या कानावर गेलंच. जिन्यात तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, नको गं मागू, तुझंबी वाटोळं होईल न् माझंबी. घरचे मला ओळखंना झालेत, आता तो फ्लेक्स हाय तवर मी हाय. मी हात सोडवून घेतला. जागा जाणार म्हटल्यावर माणूस काहीही बोलतो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

२७ जून, गुरुवार
अकरा वाजता माझा फ्लेक्स चढला. आधी कामगारांनी रेणुकाच्या फ्लेक्सच्या चारही दोऱ्या कापल्या. खाली पडल्या पडल्या एकाने त्याची गुंडाळी केली, कडब्यावर झाकायला नेला. मी दाराजवळच्या खिडकीतून डोळे भरून पाहत होते. वळले तर रेणुकाची खुर्ची रिकामी. डबा उघडा, भाकरीचा तुकडा वरणात तसाच, स्कार्फ खुर्चीवर पडलेला. आत्ता तर जेवत होती. दाराशी मीच उभी, माझ्यासमोरून गेली कशी कळलं नाही. फणकाऱ्याने गेली असणार. तिचं टेबल मला मिळालं. संध्याकाळी चौकात उभी राहून स्वतःलाच बघत बसले. प्रा. धम्मप्रिया मॅडम. आईला फोटो पाठवला.

१ जुलै, सोमवार
फोन माझा चेहरा बघून उघडायचा, आता उघडत नाही. हजेरीच्या यंत्राचंही तेच. खानावळीतल्या काकूंनी विचारलं, नवीन आलात का. मी महिनाभर त्यांच्याकडे जेवतेय. वर त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं की चौकातल्या मॅडम आमच्याकडंच जेवतात.

४ जुलै, गुरुवार
वर्गात मुलं विचारत होती, धम्मप्रिया मॅडम कधी येणार. फळ्यासमोर मीच उभी होते.
आरशात पाहिलं. नाक आहे, डोळे आहेत. पण कुणाचे ते सांगता येईना. पाटी पुसल्यावर अक्षरं पुसट राहतात, तसे. रेणुकाचा स्कार्फ बांधला.
फ्लेक्सवरची ती मात्र हसतेय. रोज जास्तच टवटवीत. माझे गाल, माझे डोळे, आणि लोक माना वर करून तिला बघतात. रेणुकाचाही इतका राग आला नव्हता.

६ जुलै, शनिवार
आई आली. स्टँडवर मी तिच्यासमोर उभी. स्कार्फ काढला, हाक मारली. तिने वाट मागितली. जरा सरका बाई, म्हणाली, माझी लेक वाट बघून राहिली.
रिक्षाने थेट चौकात गेली. मी मागे. फ्लेक्सखाली उभी राहून तिने डोळ्यांना पदर लावला. चटणीची बाटली वर करून दाखवली — तिला. लई वाळलीस गं, म्हणाली — तिला.
मी शेजारी होते. हाताला हात लागेल इतकी.
चेहरा घेतलास, घे. आई नाही द्यायची.

तोच दिवस, दुपार
ती खाली आली की आई माझ्याकडे बघेल. दुकानातून ब्लेड घेतलं. गच्चीवरून वरच्या एका दोरीला हात पोचला, खालच्या दोन शिडीवरून. तीन झाल्या. आई खालून ओरडत होती, माझ्या लेकीला पाडू नका. लोकांनी मला ओढून उतरवलं. फूटपाथवर बसलेय.

पेन धरवत नाही. बोटांतून वही दिसते —

रेणुका फणकाऱ्याने गेली नव्हती. भाकरीचा तुकडा तसाच — चौथी दोरी तुटली आणि ती —

चौथी नाही कापणार. पण वारं सुटलंय. फ्लेक्स एकाच दोरीवर — गरगर —
आईला सांगतेय, ती दोरी धर. ऐकू जात नाही. ती वर बघतेय. तिच्याकडेच.
आई, वर नको. इकडं. मी हाय इथं, तुझ्या पायाशी, एकदा तरी इकडं ब